फोटोत न आलेली बांधी

लेन्स घ्यायची म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. मी गोंदियातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढतो. पावसाळी दमटपणानं माझ्या जुन्या लेन्सच्या आत बुरशी धरली, तेव्हा ज्यांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता अशा सहकाऱ्यांनी मला मोबाइलमध्ये चंद्र किती जवळ येतो ते दाखवलं. मी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

मला नवी लेन्स हवी होती ती एका घरट्यासाठी. शहराबाहेर, मोटारसायकलनं तासाभराच्या वाटेवर, एका शेतकऱ्याच्या बांधीत सारसाच्या जोडीनं त्या वर्षी पहिल्यांदाच घरटं केलं होतं. बांधी म्हणजे आमच्याकडचा बांध घातलेला धानाचा, भातशेतीचा तुकडा. त्यातली रोपं उपटून, पाण्यात ढीग रचून, वर दोन अंडी. सारस आमच्या जिल्ह्यात आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पक्षी माणसाएवढा उंच, पण माणूस फार जवळ गेला की घरटं सोडून उठतो, आणि तो उठला की कावळे आलेच. ती अंडी फुटावीत, पिल्लं धानातून चालताना दिसावीत, याची मी कितीतरी वर्षं वाट पाहत होतो.

नागपूरच्या दुकानात माझ्यासोबत माझा मित्र होता. त्याचं औषधाचं दुकान आहे. फोटोचा नाद आम्हाला एकदमच लागलेला, त्यालाही नवी लेन्स घ्यायची होती. दुकानदारानं दोन झूम लेन्स काउंटरवर ठेवल्या. एक दीडशेपासून सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी, उचलली की मनगट बोलायला लागेल अशी. दुसरी शंभर ते चारशे, आटोपशीर, गळ्यात घालून दिवसभर हिंडता येईल अशी. आम्ही दोन्ही लावून दारात उभे राहिलो आणि समोरच्या इमारतीवरच्या कबुतरांवर रोखल्या. चारशेत कबूतर आलं, सोबत पाइप आला, खिडकी आली, वाळत घातलेला टॉवेल आला. सहाशेत फक्त कबूतर. त्याचा डोळा, मानेवरचा जांभळा-हिरवा रंग, आणि मागं सगळं लोण्यासारखं मऊ.

मी मोठी घेतली. लांब उभं राहायचं असेल तर दुसरा इलाज नाही. शिवाय तिचा आणखी एक गुण मला ठाऊक होता: ती आजूबाजूचं सगळं पुसून टाकते. फोटो कुठं काढला हे फोटोवरून कुणाच्या बापाला कळत नाही. मित्रानं छोटी घेतली. "यार, ये तोप लेके कौन घूमेगा," असं म्हणून तो हसला.

पुढचे काही रविवार मी बोडीच्या पाळीवर, म्हणजे त्या बांधीच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्याच्या बांधावर, बसून काढले. उशीच्या खोळीत धान भरून नेत असे, त्यावर लेन्स टेकवायची. मादी अंड्यांवरून उठायची, चोचीनं अंडी उलटवायची, नर येऊन बसायचा. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. फोटो असे आले की माझा मलाच हेवा वाटला.

शेतकरी माझ्यापेक्षा वयानं मोठा. नवरा-बायको दोघांनी त्या बांधीत फवारणी केली नव्हती, निंदायला बाया घातल्या नव्हत्या, जेवणाचा डबाही लांबच्या धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधावरून, आणत. मी त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवले. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"सारस झकास आला गुरुजी. पन माही बांधी कुठं हाये?"

"ही काय, मागं. हिरवं दिसतंय ते."

"हिरवं तं सारंच हाये. बांधी मी राखून राहिलो, पानी मी सोडून राहिलो, अन् फोटोत नुसता रंग?"

मी त्याला लेन्सचं शास्त्र सांगितलं. बांधी ओळखू आली तर लोक येतील, हेही सांगितलं. पिल्लं निघाली की तुमच्यासकट काढू, म्हटलं. तो ऐकत होता, पण पाहत होता दुसरीकडे.

त्या दिवशी मित्रही सोबत आला होता. मनाचा वाईट नाही तो, पण कुणाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. "मी काढून देतो ना काका," म्हणाला. त्यानं झूम मागं ओढली, पार शंभरवर. पुढं घरट्यावर सारस. मागच्या धुऱ्यावर शेतकरी आणि त्याची बायको, दोघंही ताठ, लग्नातल्यासारखी. बाजूला पाण्याच्या मोटारीची निळी खोली, आणि एकमेकींकडे झुकलेली शिंदीची दोन झाडं. फोटो चांगला होता. हे कबूल करताना आजही माझ्या तोंडात कडू येतं.

"घरी फ्रेम करून दे, पण बाहेर कुठं टाकू नको," मी त्याला म्हटलं.

"टाकला तरी जागा लिहिणार नाही. पागल थोडी हूँ."

शब्दाचा पक्का निघाला. फोटो त्यानं टाकला, आणि खाली ना गाव लिहिलं, ना तालुका. नुसतं 'विदर्भातील एक ठिकाण'. स्वतःच्या सावधपणावर तो इतका खूश होता की मलाच तो फोटो पुन्हा पाठवला.

आता आमच्याकडच्या माणसाला फोटो दाखवून पाहा. तो आधी पक्षी पाहत नाही, बांधी कुणाची ते पाहतो. धुरा कसा वळलाय, शिंदी कुठं झुकलीय, मोटारीची खोली कोणत्या रंगाची, यावरून तो मालकाचं आडनाव सांगेल आणि वर त्याच्या भावाशी वाद कशावरून झाला तेही सांगेल. मित्र याच मातीतला. त्यालाही हे येतं. पण कॅमेरा हातात आला की माणसाला वाटतं, पत्ता अक्षरांतच असतो. झाकलं ते नाव, आणि उघडं ठेवलं ते सगळं गाव.

गाड्या आल्या. मोबाइलवाले आले, मुलांना खांद्यावर घेऊन बाप आले. एकानं ड्रोन उडवला. शेतकऱ्यानं सुरुवातीला सगळ्यांना चहा पाजला, कारण त्याच्या बांधीत इतकी माणसं कधी आली नव्हती. नंतर तो काठी घेऊन धावला, पण तोवर लोक धानात उतरले होते. हे सगळं मला पुढच्या रविवारी कळलं. मी पाळीवर बसून लेन्स लावली. सहाशेत ढीग स्वच्छ दिसला. त्यावर फुटकं कवच होतं आणि एक कावळा.

मी मित्राच्या दुकानात गेलो. तो गिऱ्हाइकाला गोळ्या कापून देत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि खऱ्याखुऱ्या निष्पापपणे म्हणाला, "मैंने तो जगह लिखी ही नहीं थी." मला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली. मारली नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आता मी दुसरीकडून घेतो.

यंदा पावसाळ्यात पुन्हा गेलो, उगाच आशेनं. बोडी भरली होती, धान लागला होता, जोडी आली नव्हती. शेतकऱ्यानं घरी नेलं. समोरच्या भिंतीवर तो फोटो, काच पुसून लख्ख ठेवलेला. त्याची बायको चहा घेऊन आली आणि तीही क्षणभर फोटोकडे पाहत उभी राहिली. शेजारच्या गावचे कुणी पाहुणे बसले होते. शेतकरी उठला आणि काचेवर बोट ठेवून त्यांना दाखवू लागला, "हे पाहा, इथंच होते. हे मी, हे आमची घरवाली, हे आपली बांधी."

पाहुण्यांनी मान हलवली. शंकेला जागाच नव्हती.

मग तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमच्याजोळ तं लय फोटो असन. पन त्याच्यात कोनाले कायले पटन, का हे आपलेच सारस होते?"

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. याच फोटोनं ती जोडी गेली, हे त्या भिंतीसमोर, त्या दोघांसमोर मला बोलवेना. घरट्यावरचे माझे शेकडो फोटो आहेत, एकाहून एक देखणे. त्यांत बांधी नाही, बोडी नाही, ही दोन माणसं नाहीत. मी सगळं इतकं नीट पुसलं होतं की ते सारस कुठलेही असू शकतात. मी चहा संपवला आणि कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन न उघडताच परत निघालो.