कोरी करंगळी

माणसाचं घर कसं चाललंय ते त्याच्या नखांवरून कळतं, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. त्यामुळे सत्तरच्या दशकात ताई पहिल्या बाळंतपणासाठी वणीहून पंचवटीला माहेरी आली, तेव्हा आईने तिच्या पोटाकडे नंतर आणि नखांकडे आधी पाहिलं. नखं पांढुरकी, पातळ, मधे खोलगट झालेली. टोकांना पापुद्रे सुटलेले. "सासरी भांडी घासून घासून पोरीच्या हातांची काय दशा झालीये बघा," असं म्हणून आईने तिथल्या तिथे निकाल लावला. आईच्या निकालावर आमच्या घरात अपील नव्हतं.

मग उपचार सुरू झाले, तेही नखांवर. सकाळी लिंबाची फोड चोळायची, संध्याकाळी कोमट तिळाचं तेल जिरवायचं, आणि नखं टणक व्हावीत म्हणून दर आठवड्याला मेंदी लावायची. खाण्याचीही हयगय नव्हती. नाचणीची आंबील, खजूर, बाजारातून आणलेली ताजी मेथी. पण ताईला अन्नाची शिसारी. ती दोन घास चिवडायची, त्यावर कपभर कडक चहा प्यायची आणि मग पाटीवरची पेन्सिल कुरतडत बसायची. डोहाळे पुरवलेच पाहिजेत, म्हणून आई स्वतः पेन्सिलींची खोकी आणून द्यायची. डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात पडून होत्या. मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा म्हणाले की गोळ्या तरी दे तिला, तर आई म्हणाली, "तू आधी पोळी गोल लाटायला शीक."

महिन्याभरात ताईची नखं लालचुटूक दिसू लागली. रंग मेंदीचाच होता, पण गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "माहेरचं पाणी मानवलं हो पोरीला!" आई फुलून जायची. ताईच्या डाव्या करंगळीला मात्र पहिल्या मेंदीआधीच नखुरडं झालं होतं आणि ते महिनाभर चिघळत राहिलं. आई लिंबाला भोक पाडून करंगळी त्यात खुपसायची आणि दर वेळी बाकीचीच नखं रंगवायची. सूज उतरल्यावर करंगळीला चिंधी बांधून टाकली.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, पुलापलीकडच्या सूतिकागृहात ताई बाळंत झाली. मुलगी झाली. वडील बातमी द्यायला लगेच वणीच्या एसटीने गेले, डॉक्टरबाई वरच्या मजल्यावर जेवायला गेल्या. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आईने ताईला जाड सोलापुरी चादरीत गळ्यापर्यंत गुंडाळलं. ताई डोळे मिटून पडली होती.

"थकलीये. झोपू दे," आई म्हणाली.

मला मात्र ती झोप आवडेना. ताईच्या कपाळावर घाम होता आणि हात गार पडले होते. मी हाक मारली. "हं" एवढंच आलं, तेही फार लांबून आल्यासारखं.

"आई, हिला काहीतरी होतंय."

"पहिलटकरणीचं असंच असतं. तुला काय अनुभव?"

मी उठले आणि नर्सला ओढतच घेऊन आले. तिने ताईच्या अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. मेंदीचं लाल ते लालच. दुसरं बोट दाबलं, तिसरं दाबलं. वीज गेलेली होती. तिने ताईचा हात खिडकीच्या उजेडात धरला.

"अहो मावशी, एक तरी नख कोरं ठेवायचं होतंत! मेंदीखाली रक्त दिसणार कसं?" ती कडाडली.

मला करंगळी आठवली. चिंधीची गाठ सुटेना, तेव्हा मी ती दातांनी तोडली. आतलं नख चुन्यासारखं पांढरं होतं. नर्सने ते दाबलं, सोडलं, आणि आम्ही बघत राहिलो. गुलाबी रंग काही परत आला नाही. तिने झटक्यात चादर बाजूला केली. खालची गादी रक्ताने भिजली होती.

तिच्या हाकेसरशी डॉक्टरबाई खरकट्या हाताने धावत आल्या. हात धुऊन त्यांनी ताईचं पोट दाबलं, इंजेक्शनं दिली. रक्तस्राव थांबला, पण गेलं ते फार गेलं होतं.

"मुळात हिच्या अंगात रक्तच नव्हतं. गोळ्या घेत होती ना?" त्यांनी विचारलं. मी कोनाड्यातल्या गोळ्यांचं सांगून टाकलं. "बरं. रक्त कोण देतंय?"

आईने बाही दंडापर्यंत सारली. "माझं घ्या. सगळं घ्या."

बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि त्या थांबल्या. मीही पाहिलं. त्या हातांनी वाढलेलं मी रोज जेवत होते, पण ते हात कधी पाहिलेच नव्हते. नखं पांढुरकी, पातळ, मधे खोलगट. टोकांना पापुद्रे.

"मावशी, तुमच्यातच काही नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

रक्त माझं जुळलं. संध्याकाळी ताईची करंगळी किंचित गुलाबी झाली, आणि ती मुठीत धरून आई लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. ताई वाचली होती.

घरी आल्यावर आई तिच्यासाठी हळिवाचे लाडू वळायला बसली. मी त्यातला एक उचलून आईच्याच हातावर ठेवला. तिने तो परत डब्यात टाकला.

"मी कुठे बाळंत झालेय?" ती म्हणाली.