सकाळची पहिली गोळी

"मरायला चाललोय का मी? विमा कशाला हवा?" म्हातारा म्हणाला.

"मेल्यावर कोण विचारतंय विम्याला? जगायचं असतं म्हणूनच घ्यायचा तो," म्हातारी म्हणाली. "परक्या मुलखात पडलात तर उचलणार कोण? मी? माझ्याच्याने पाण्याची बादली उचलवत नाही."

हे भांडण परदेशी जाणाऱ्यांची तिकिटं काढणाऱ्या एका कचेरीत चाललं होतं. काउंटरच्या आत बसलेली बाई खाली मान घालून ते ऐकत होती. तिला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. तिकिटं मालक काढायचा. हिच्याकडे फॉर्म भरायचं काम, कारण हिचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. तेव्हा फॉर्म हातानेच भरत.

बराच वेळ जुंपली होती दोघांची. शेवटी म्हातारा थकला. "घे बाई, घे तुझा विमा. पण आजाराच्या रकान्यात काही लिहायचं नाही. मला काही झालेलं नाही."

"आणि रोजची ब्लडप्रेशरची गोळी? ती काय पेपरमिंट आहे?"

"गोळीने प्रेशर ताब्यात आहे. ताब्यात आहे म्हणजे नाहीच. चोर तुरुंगात असला की गावात चोर आहे म्हणतात का?"

बाईला हसू आलं. तिने विचारलं, "मग काय लिहू, आजोबा?"

"नाही लिहा. ठळक लिहा."

म्हातारीने तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. गिऱ्हाईक तो, सही त्याची. बाईने ठळक आणि सुरेख अक्षरात 'नाही' लिहून दिलं.

सहा महिन्यांनी म्हातारी एकटीच आली. जिना चढून आल्यावर आधी नुसतीच बाकावर बसली. मग हळूहळू सांगितलं. मुलाच्या घरी पोचल्यावर आठव्या दिवशी म्हातारा पायरीवरच कोसळला. अकरा दिवस इस्पितळात होता. विमा कंपनीने कागद मागवले, जुना आजार लपवला म्हणाली आणि हात वर केले. म्हातारा गेला तो गेलाच, इस्पितळाचं भागवायला मुलाने राहतं घर विकलं. आता वकिलाला त्या फॉर्मची नक्कल हवी होती.

बाईने फायलीतून फॉर्म शोधून दिला. म्हातारीने तो डोळ्यांजवळ धरला, त्या 'नाही'वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण ती बिचारी मनापासून बोलली होती. बाईचा डबा त्या दिवशी तसाच घरी परत गेला.

तेव्हापासून तिने एक ठरवलं. आजार आहे का, असं माणसाला विचारायचंच नाही. तसं विचारलं की ज्याचे दोन्ही पाय स्मशानाच्या वाटेला लागलेत तोसुद्धा छाती काढून "छे छे" म्हणतो. ती हातात पेन धरून, अगदी सहज, काल काय पिक्चर बघितलात असं विचारावं तशी विचारायची, "सकाळी उठल्यावर पहिली गोळी कोणती घेता?"

आणि माणसं सांगायची! "पहिली ती छोटी पांढरी, साखरेची. मग चहा. मग ती गुलाबी." सगळं लिहून झाल्यावर मग भानावर येऊन म्हणायची, "अहो, पण आजार काही नाही हं मला."

पुरुष बोलत असला की ती त्याच्याकडे बघायचीच नाही, मागे उभ्या असलेल्या बायकोकडे बघायची. नवऱ्याचं तोंड 'नाही' म्हणत असताना बायकोची मान खरं सांगत असते.

"खरं खरं सांगा," हे तिचं पालुपद. त्यावरून तिचं नावच पडलं खरंखरंबाई. मालक कधी कधी वैतागायचा. "ताई, तुम्ही गिऱ्हाइकाला इतकं खरडून काढता की तो शेजारच्या दुकानात जातो." ती म्हणायची, "जाऊ दे. परत कुणाची बायको माझ्याकडे नक्कल मागायला यायला नको."

पंधरा दिवसांसाठी विमा कशाला, असं कुणी म्हणालं की ती विचारायची, "पाय घसरायला किती दिवस लागतात?"

अशी एकवीस वर्षं गेली. कचेरी एका कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर होती. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ यायची आणि तिच्या टेबलावरचे कागद कायम जरा दमट असायचे. फॉर्म कॉम्प्युटरवर गेले, तिने चष्मा वर करून दोन बोटांनी टाइप करायला शिकून घेतलं. घरी नवरा होता. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. रिटायर झाला तरी कुठल्याही इमारतीत शिरला की कान टवकारायचा. "दोर घासतोय, महिनाभरात बोंब होणार," म्हणायचा, आणि व्हायची. एकुलती एक लेक लग्न होऊन सातासमुद्रापार गेली होती.

त्या लेकीला सातवा लागला आणि तिचा फोन आला. "आई, बाबा, दोघंही या. सुटीबिटी मला सांगू नकोस. एकवीस वर्षं दुनियेला विमानात बसवलंस, आता स्वतः बस."

नवरा त्या सकाळी घरभर नाचायचाच बाकी होता. बाईही हसली. पण वरवर.

गोष्ट अशी होती की आठ महिन्यांपूर्वी जिना चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, हृदयाची एक झडप अरुंद होत चालली आहे, आज ना उद्या ऑपरेशन करावं लागेल. तिने ते कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडे जायचं असलं की गुडघ्यांच्या व्यायामाला जाते म्हणायची. गोळ्यांची पाकिटं घरी न ठेवता कचेरीतल्या टेबलाच्या खणात ठेवायची आणि दहा वाजता पोचली की पाण्याबरोबर गुपचूप घ्यायची. जगाला तोंड उघडायला लावणारी बाई स्वतः मूग गिळून बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

का नाही सांगितलं? आधी वाटलं, लेक इतकी लांब, तिच्या जिवाला घोर नको. मग तिला दिवस गेले, वाटलं, बाळंतपण होऊन जाऊ दे. आणि खरं खरं सांगायचं तर, सांगितलं की जायला मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकीचं बाळ पहिल्या दिवशी हातात घ्यायचं, एवढी एकच हाव तिने आयुष्यात धरली होती.

विम्याचा फॉर्म दोघांचा मिळून एकच होता, आणि सह्या लागत म्हणून तो अजून कागदावरच भरत. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याने वाचून सही करायची. 'नाही' लिहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. विमानात कोण छाती उघडून बघतं? चार दिवस तो फॉर्म तिने टेबलावर पुढे ओढला आणि मागे सारला.

पाचव्या दिवशी दुपारी नवरा स्वतःच कचेरीत आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ऐटीत बसला. "बाई, आम्हाला परदेशी जायचंय. लवकर आटपा."

मालक हसत चहा सांगायला खाली गेला.

"खरं खरं सांगा," बाई म्हणाली. "सकाळी उठल्यावर पहिली गोळी कोणती घेता?"

"गोळी नाही. मात्र सकाळी उठल्यावर बायकोची बोलणी घेतो, उपाशीपोटी. त्याला काही विमा आहे का?"

"दुखणं?"

"डावा खांदा. तीस वर्षं लिफ्टचे दरवाजे ओढले त्याचं. लिही, लिही, तू काय सोडतेस मला."

तिने खांदा लिहिला. मग त्याने फॉर्म आपल्याकडे ओढला, तिच्याच हातातलं पेन घेतलं आणि तिच्यासारखी मान तिरकी करून म्हणाला, "आता तुमची पाळी. सकाळी उठल्यावर पहिली गोळी कोणती घेता?"

त्याने चेष्टाच केली होती. खरं तर त्या प्रश्नातून तिला अलगद सुटताही आलं असतं, कारण सकाळी उठल्यावर ती कुठलीच गोळी घेत नव्हती, दहा वाजता घेत होती. जाळं तिचंच होतं, त्याला भोक कुठे आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? 'कुठलीच नाही' हे शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले होते. आणि ते खोटंही ठरलं नसतं.

तिने खण उघडला आणि गोळ्यांची तीन पाकिटं काउंटरवर ठेवली.

नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि एक-एक पाकीट डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. त्याला नावं काय कळणार? पण खणात लपवलेली गोळी गुडघ्याची नसते, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

"किती दिवस?"

"आठ महिने."

"आणि गुडघ्यांचे व्यायाम?"

"गुडघे ठणठणीत आहेत माझे."

तो उठला, जिना उतरला आणि खाली कपडे धुण्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. बाईने खिडकीतून पाहिलं. लोक कपडे घेऊन जात होते, येत होते, आणि हा मध्येच खांबासारखा उभा. मालक चहा घेऊन वर आला, एकदा तिच्याकडे आणि एकदा पाकिटांकडे बघितलं आणि कप ठेवून मुकाट्याने आतल्या खोलीत गेला.

पाव तासाने नवरा वर आला. डोळे लाल होते.

"दोर घासला की मला तिसऱ्या मजल्यावरून ऐकू येतं," तो म्हणाला. "आणि घरात, शेजारी झोपणाऱ्या माणसाचं मला ऐकू आलं नाही."

"मीच आवाज होऊ दिला नाही."

"लिही," तो म्हणाला. "सगळं लिही. मी वाचणार आणि मग सही करणार."

तिने लिहिलं. डॉक्टरांचं पत्र मागवावं लागलं आणि डॉक्टरांनी ते दिलंच नाही. ऑपरेशनआधी विमानप्रवास नको म्हणाले, चार महिन्यांच्या आत ऑपरेशन उरका म्हणाले. तिने स्वतःचं नाव फॉर्मवरून काढलं.

लेक फोनवर आधी रडली, मग चिडली. "मला का नाही सांगितलंस? मी काय परकी आहे?"

"तू परकी असतीस तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं," बाई म्हणाली.

मग घरात आठवडाभर महाभारत झालं. नवरा म्हणे, तुला सोडून मी पाऊल हलवणार नाही. ती म्हणे, ऑपरेशन तुम्ही परत आल्यावर होईल, डॉक्टरांनी मुदत दिलीय. पण पोर तिथे मुदत बघून थांबणार नाही. तिला आपलं माणूस हवं.

"बाळंतिणीजवळ मी काय करू? लिफ्ट दुरुस्त करू?"

"बसा जवळ. नॅपी बदला. दरवाजे उघडता-लावता येतात तर तेही येईल."

तिनेच त्याचा विमा काढला, तिनेच त्याची बॅग भरली आणि तो गेला. नात झाली. बाईने तिला फोनच्या काचेत पाहिलं. काचेवर बोट टेकवलं तर चित्र सरकून नवऱ्याचं टक्कल पडलेलं डोकं समोर आलं, तेव्हा ती इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. परत यायच्या चार दिवस आधी नवरा ओल्या पायरीवर घसरला आणि मनगट मोडून बसला. विम्याचं कार्ड दाखवलं, प्लास्टर झालं, कुणी एक वावगा प्रश्न विचारला नाही. आजारी कोण आणि विमा लागला कुणाला! "बघा," ती फोनवर म्हणाली, "पाय घसरायला किती दिवस लागले?"

तो परत आला आणि ऑपरेशनचा दिवस ठरला, गुरुवार. ती त्यातून परत आली नाही. डॉक्टरांनी खूप केलं, पण झडपेने फार वाट पाहिली होती. आठ महिने आधी सांगितलं असतं तर, हा प्रश्न नवरा आजही कुणाला विचारत नाही. विचारला तर उत्तर मिळेल, याची त्याला भीती वाटते. बाळ हातात घ्यायचं राहिलं ते राहिलंच.

आदल्या दिवशी, बुधवारी, ती कामावर गेली होती. नवरा नको म्हणत होता. "घरी बसून काय छातीवर हात ठेवून ठोके ऐकू?" म्हणाली आणि निघाली.

बुधवारी व्हिसाच्या कचेरीत पासपोर्ट पोचवायचे असत. मालक म्हणाला, "ताई, आज मी जातो." तिने ऐकलं नाही. नऊ पासपोर्ट होते. प्रत्येकाला व्हिसाचा अर्ज जोडला, चिठ्ठी लावली, रबर घातलं, कापडी पिशवीत उभे रचले आणि पिशवी तिरकी गळ्यात अडकवली. जिना उतरताना कठड्याला धरून दोनदा थांबली. तीन गल्ल्या चालत गेली, सावलीच्या बाजूने. व्हिसाच्या कचेरीत रांग होती. तिच्यापुढच्या बाईचं मूल रडत होतं, त्याला तिने किल्ल्यांचा जुडगा खेळायला दिला.

खिडकीतल्या मुलीने सहाव्या पासपोर्टबरोबरचा अर्ज बाजूला काढला. "फोटो तिरका लागलाय."

"द्या इकडे," बाई म्हणाली. पिशवीतून गोंदाची कांडी काढली, फोटो अलगद सोडवला, सरळ लावला आणि अंगठ्याने दाबून धरला. रांगेतला एक जण मागून म्हणाला, "मावशी, जरा आटपा की." ती म्हणाली, "तुमचा तिरका लागला असता तर आटपलेलं चाललं असतं का तुम्हाला?"

फोटो धरेपर्यंत ती दाबून उभी राहिली. मग अर्ज आत सरकवला, नऊच्या नऊ पावत्या मोजून घेतल्या, घडी करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या आणि पुढच्या माणसाला वाट करून देऊन बाजूला झाली.