पाय न टेकणारे दाजी

आमचे दाजी सायकलवर बसून चहा पीत. यात काय मोठं, असं कोणी म्हणेल. मोठं हे, की सायकल जागच्या जागी उभी असायची आणि दाजींचे दोन्ही पाय पायडलवर असायचे. ना भिंतीचा आधार, ना खांबाचा. बेलापूरच्या पेठेतल्या हॉटेलासमोर ते येऊन थांबत, पुढचं चाक जरा तिरपं करत, गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे झुलवत ठेवत आणि हॉटेलवाल्याकडे न बघताच हात पुढे करत. हॉटेलवाला चहाची बशी उंच धरून द्यायचा. दाजी ती फुंकून फुंकून संपवत, मिशा पुसत आणि निघून जात. थेंब सांडायचा नाही. "पाव्हणं," ते मला म्हणायचे, "ज्यानं पाय टेकला, त्यो सपला."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी जवळच्याच साखर कारखान्यात कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी अक्काच्या हातचं खायला बेलापूरला जायचो. दाजींचं पेठेत सायकलचं दुकान होतं. पंक्चर, भाड्याच्या सायकली हे पोटासाठी. जीव मात्र अडकला होता तो मागच्या पडवीत, जिथे ते स्वतःच्या सायकली बांधत. चांगल्या नव्या सायकलचे ब्रेक काढायचे, मडगार्ड काढायचे, कॅरियर काढायचा, चेनवरचं झाकण काढायचं. एवढ्यानं भागत नाही म्हणून मागच्या चाकाचं फ्रीव्हील उघडून त्याला आतून पितळेचा झाळ द्यायचा, म्हणजे ते कायमचं जाम. मग चाक फिरलं की पायडल फिरलंच पाहिजे आणि पायडल थांबलं की चाक थांबलंच पाहिजे. उतारावर बसून नुसतं घरंगळायची सोय नाही. फ्रीव्हीलची टरटर नाही म्हणून दाजी तिला 'मुकी' म्हणत. "फ्रीव्हील म्हंजी फुकटचं खानं," असं त्यांचं मत होतं. "पाय हालवायचा न्हाई आन् पुढं जायचं, ह्ये देवाला तरी पटंल का?"

देवाला पटो न पटो, गिऱ्हाइकांना फ्रीव्हीलच पटायचं. दूधवाल्याला दोन कॅन लटकवायला कॅरियर लागतो, मास्तरांना धोतर वाचवायला चेनवर झाकण लागतं. मुकी घेऊन करायचं काय? अक्का म्हणायची, "ह्यांच्या गाड्या म्हंजी लग्नात वाजवायचा बाजा, रोज कुनाला लागतो?" दाजी हसायचे. टीका कानाआड करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. बाजाराच्या दिवशी ते तेल लावून चकाकवलेली मुकी काढत आणि गर्दीतून उलटी चालवत. उलटी म्हणजे पाठ पुढे करून, पायडल मागे मारत. बाया टोपल्या सावरत बाजूला व्हायच्या. कोणी विचारायचं, "ब्रेक कुठं हाय वो हिला?" दाजी मांडीवर थाप मारायचे.

मीही एकदा मोहाला बळी पडलो. नदीच्या पुलाकडे उतार लागला आणि जन्मभराच्या सवयीनं मी पाय आरामात थांबवले. मुकीला आराम माहीत नव्हता. पायडलनं मला असं वर उचललं, की मी हँडलवरून थेट घाणेरीच्या झुडपात. मागून दाजी आले, आधी सायकल उचलली, पुढच्या चाकाचा चिमटा वाकला नाही ना पाहिलं, मग मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी तिला चालवत न्हवता. ती तुमाला चालवत हुती." आठवडाभर मी कारखान्यात कलत्या मानेनं बिलं लिहिली. दाजींचं हे वाक्य पुढे मला फार वेगळ्या प्रसंगी आठवायचं होतं.

जत्रेतली मंद सायकल शर्यत दाजींच्या नावावर लिहून ठेवल्यासारखी होती. जो सगळ्यांत मागे राहील, पाय न टेकता, तो पहिला. एके वर्षी बाकीचे केव्हाच पोचले, पडले, घरी गेले, आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि दाजी सुरुवातीच्या रेघेपासून हातभर अंतरावर झुलत उभे. शेवटी पंचच हात जोडून म्हणाले, "उतरा आता." दाजी म्हणाले, "पेला आधी हातात द्या." स्टीलचा पेला घेतल्यावर ते पंचांच्याच खांद्यावर हात ठेवून उतरले.

या सगळ्या मिजाशीच्या पाठीमागे सुमी होती. दाजींची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांची असताना तापानं फणफणली आणि ताप उतरला तो डाव्या पायातलं बळ घेऊन. पोलिओ. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायातलं बळ परत यायचं नाही, कॅलिपर बसवून घ्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या आधारानं पोर चालेल तरी. दाजी तिला उचलून तडक परत आले. "आयुष्यभर लोखंड हाताळलं मी. त्येच पोरीच्या पायात घालू व्हय?" अक्का आपली शनिशिंगणापूरला तेल पाठवत राहिली. दाजी म्हणायचे, "देवाला तेल, चेनला तेल. कुठं ना कुठं लागंलच." सुमी सात वर्षांची झाली तरी ढुंगणावर सरकत किंवा बापाच्या कडेवर बसून गाव बघत होती.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. पाटाला पाणी नव्हतं, बाजारात भाजी नव्हती, माणसं खडी फोडायला जात होती. सायकली कोण घेणार? दुकान ओस पडलं आणि दाजी पडवीत जाऊन बसले. बाहेर आले ते एक लहानशी मुकी घेऊन. मोठ्या सायकलच्या नळ्या कापून बांधलेली, निळा रंग दिलेली, डाव्या पायडलला चांभाराकडून करून घेतलेला मऊ चामड्याचा पट्टा. मला म्हणाले, "पाय मेला न्हाई, पाव्हणं. त्यो इसारलाय. चाक त्येला आठवन करून देईल."

कल्पना बिनतोड होती, हे कबूल केलं पाहिजे. सुमी उजव्या पायानं पायडल दाबायची आणि मुक्या चाकामुळे डावा पाय पट्ट्यासकट आपोआप वर यायचा, खाली जायचा. साध्या सायकलवर तो लोंबकळत राहिला असता. कोरड्या पाटाच्या कडेनं दाजी सीट धरून पळत, आणि एका सकाळी त्यांनी हात सोडला. सुमी गेली. दोन्ही गुडघे पाळीपाळीनं वर येत होते. मी अक्काशेजारी उभा होतो. मला भरून आलं. अक्का मात्र फ्रॉकखालच्या त्या काटकीसारख्या पोटरीकडे एकटक बघत होती. हलकेच म्हणाली, "चाक फिरवतंय त्याला."

अक्का हे दाजींना सांगायची, तर ते चिडायचे. "तुला काय कळतंय? मी हात लावून बघितलंय. डावं पायडल दाबतंय ती." आता मुक्या सायकलचा फसवेपणा असा, की पाय चाकाला ढकलतोय की चाक पायाला, हे बघणाऱ्याला कधी कळतच नाही. हात लावणाऱ्यालाही नाही. ज्या माणसानं मला एका धडपडीत हा फरक शिकवला, त्यालाच तो दिसेनासा झाला होता. ते रोज सुमीच्या पोटरीला दोरा गुंडाळून बघत. उजव्या पोटरीचा दोरा लांबत गेला. डाव्याचा तसाच राहिला. दाजी म्हणत, "आदी जीव येतो, मांस मागनं."

बाजारच्या दिवशी आता उलटी सायकल बंद झाली. आता सुमी. पेठेतून निळी सायकल जायची आणि दाजी शेजारून छाती काढून चालायचे. "मोजून घ्या, दोनी पाय चालत्यात!" बाया डोळ्यांना पदर लावायच्या. सुमीला हे सगळं फार आवडायचं. आवडणारच. जन्मात पहिल्यांदा ती कडेवर न बसता गावाच्या डोळ्याच्या पातळीवर आली होती.

जत्रा आली. दुष्काळामुळे पाळणा आला नव्हता, दुकानंही चारदोनच होती, तरी माणसं जमली. शर्यतीच्या रिंगणात त्या वर्षी दाजी स्वतः उतरले नाहीत. पंचांकडून कर्णा मागून घेतला आणि ओरडले, "आतापत्तुर दोन पायानं बघितलं. आता निस्त्या डाव्या पायानं!" आणि त्यांनी सुमीचा उजवा पाय उचलून पुढच्या नळीवर बांधला.

अक्का गर्दीतून पुढे आली. "अहो, नका ना." सुमी बापाकडे बघत होती. "आप्पा, दोनी पायांनी करू की."

"भेतीस व्हय? मी हाय."

त्यांनी सीटला रेटा दिला. सायकल निघाली. डावा गुडघा वर आला, खाली गेला, परत वर आला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दाजी माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "बघा, बघा!" सायकल रिंगणाच्या मध्यापर्यंत गेली आणि सावकाश होत गेली. डावा पाय वरच्या टोकाला पोचला, तिथे थांबला, आणि गुडघा आतल्या बाजूला गळून पडला. सायकल जागच्या जागी उभी राहिली. सुमी हँडल धरून तोल सावरत होती. लोकांना वाटलं, हा बापाचाच खेळ. "बापावर गेली रं पोरगी!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

हा खेळ नाही, हे अक्का सोडली तर एवढ्या माणसांत एकट्या दाजींना कळलं असावं. माझ्या दंडावरचा हात सुटला. ते धावले, पण सुमी बांधलेल्या पायांनिशी आडवी झाली होती. तोंडात माती गेली होती. ती रडली नाही. म्हणाली, "आप्पा, परत ढकला. जोरात ढकला, मंग जाईल."

दाजी तिथेच मांडी घालून बसले. नळीवरची गाठ सोडवायला गेले तर त्यांच्या बोटांना ती सुटेना. आयुष्य गंजलेल्या नटांशी झुंजण्यात गेलेला माणूस, आणि स्वतःच बांधलेली गाठ सुटेना. शेवटी अक्कानं ती सोडवली. मला वाटतं, ती रागानं दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात ते सुमीला नगरला घेऊन गेले आणि कॅलिपर करून आणला. पडवीतल्या मुक्या त्यांनी एकेक करून दुकानात आणल्या, फ्रीव्हील बसवलं, ब्रेक बसवले, कॅरियर बसवले, आणि मिळतील त्या गिऱ्हाइकांना देऊन टाकल्या. निळीचं काय केलं, ते मी विचारलं नाही. स्वतःच्या सायकललाही त्यांनी फ्रीव्हील घातलं.

मी एकदा हॉटेलात बसलो होतो. टरटर आवाज करत एक सायकल आली, म्हणून मी मानही वर केली नाही. दाजी आल्याचा आवाज कधी यायचाच नाही ना. हॉटेलवाल्यानं सवयीनं बशी उंच धरली. दाजींनी ब्रेक दाबला आणि पाय टेकला. हॉटेलवाल्याचा हात क्षणभर तसाच वर राहिला, मग त्यानं बशी खाली आणून दिली.

तेवढ्यात शाळा सुटली. सुमी कॅलिपर खाडखाड वाजवत, खांद्यावरचं दप्तर सावरत आली आणि माझ्या बाकाशी टेकली. बापाच्या जमिनीवरच्या पायाकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"मामा, आप्पांचे तर दोनी पाय चांगले हायेत. मंग टेकत्यात कशाला?"

दाजींनी ऐकलं होतं. अर्धा चहा तसाच ठेवून ते सायकलवरून खाली उतरले, तिचं दप्तर घेऊन हँडलला अडकवलं. "बस कॅरियरवर," म्हणाले. "मी चालणार," सुमी म्हणाली. मग दोघं निघाले. ती एक पाऊल ओढून टाकायची, ते तिच्यासाठी थांबायचे, सायकल हातात धरून. तिथून घरापर्यंत सगळा उतार होता. दाजी सायकलवर बसले नाहीत.