आते तू झेल
सांजोऱ्या तळल्याचा वास आला की मला धुळ्यातला तो छोटा स्टुडिओ आठवतो. वर्षानुवर्षं पुण्यात मालिकांची शीर्षकगीतं लिहून मी अहिराणी गाण्यांचा अल्बम करायला परतले होते, आणि आखाजीच्या सणाला झोक्यावर म्हणायची गाणी येणारी आमच्यात एकटी फुई, म्हणजे माझी आत्या, उरली होती. पिशवीत माझ्यासाठी सांजोऱ्या घेऊन ती साक्रीहून एसटीने आली. डोक्यावरच्या पदरावर हेडफोन चढवून तिने पहिली ओळ अशी म्हटली की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हातातला चहा प्यायचा विसरला. मग ती गप्प झाली. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच गप्प. "आजी विसरल्या वाटतं," तो म्हणाला. मी आत जाऊन हळूच पुढची ओळ सांगू लागले, तर ती माझ्यावरच डाफरली, "मी नही इसरनी! मी मन्ही ओळ म्हनी. आते तू झेल ना माय! एकलीनं गानं थोडंच ऱ्हास?" खरंच की! हे गाणं एकटीचं नसतंच, आता झेलायची पाळी माझी होती. एका झोक्यावरच्यांनी म्हणायचं आणि दुसऱ्या झोक्यावरच्यांनी पुढची ओळ गाऊन झेलायचं, हे लहानपणी मी तिच्याकडूनच शिकले होते. घोगऱ्या आवाजात मी झेललं, आणि फुई मान डोलावत शेवटपर्यंत गायली. अल्बममध्ये मी माझा आवाज ठेवला नाही, झेलणाऱ्यांसाठी जागा मोकळी सोडली. फुई आता नाही. पण दर आखाजीला सांजोऱ्या करताना मी अल्बम लावते, ती पहिली ओळ म्हणून थांबते, आणि मी पिठाचे हात तसेच ठेवून झेलते.