दहावा माणूस

सकाळी खिडकीचा पडदा सारला, तर समोरच्या सिनेगॉगपाशी परेरा सरांची स्कूटर येऊन थांबत होती. मागे बसलेले डॅनियलकाका एका हाताने डोक्यावरची टोपी आणि दुसऱ्याने सरांचा खांदा धरून लहान मुलासारखे हसत होते.

"मिळाला हो दहावा!" सर आत बघून ओरडले.

दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय इथली सामुदायिक प्रार्थना सुरू होत नाही. आळीतली निम्मी घरं इस्राएलला गेली, त्यामुळे कोणी ना कोणी कमी पडतंच. सर ख्रिस्ती, म्हणून दहांत बसत नाहीत. मग ते माणूस आणायला जातात.

याच सरांनी युरोपातल्या ज्यूंच्या संहारावर जन्मभर लिहिलं. त्यांच्या पुस्तकांत मारेकऱ्यांपेक्षा शेजारीच जास्त भेटतात. दर रविवारी चर्चला जाणारे, आणि शेजारच्या ज्यूला पोलीस घरातून नेत असताना पडदा ओढून घेणारे. ती पानं वाचून मी कितीदा सुन्न झालेय.

आज मात्र मला हसू आवरेना. आतून प्रार्थनेचे सूर येऊ लागले, तरी सर बाहेर स्कूटरवरच पाय हलवत बसलेले.

"सर, वर या की चहाला!" मी हाक मारली.

"नंतर येतो गं. आधी काकांना घरी सोडायचंय!"