विमलताईंचे पोपट आणि माझी बंद शिवण

विमलताईंना मी पहिल्यांदा भेटले ती चिडलेलीच. चाकणच्या ज्या कंपनीत मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत होते, तिथलं कंत्राट संपलं आणि आम्हा बायकांना घरी बसवलं. थेरगावात भाड्याची खोली, मुलगी शाळेत, नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही. शेजारीण म्हणाली, "कासारवाडीत एक ताई हायत. दिवाळीच्या तोरणाचे कापडी पोपट शिवत्यात. बघ जाऊन." मनात म्हटलं, घ्या! मोठ्या मशीनवर जाडजूड कापड ओढणारी मी, आता पोपट शिवू?

ताईंनी ना प्रमाणपत्र विचारलं, ना अनुभव. हातात एक चिंधी दिली आणि म्हणाल्या, "गोल शिवून दाखव." मी झटक्यात शिवलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिलं. "हात झकास आहे गं. पण एवढी घाई कुणाची?" ओठांवर आलेलं उत्तर मी कसंबसं गिळलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, म्हणून हा गौरवग्रंथ. यजमानांची कंपनी बंद पडल्यावर त्यांनी घरातल्या एकाच मशीनवर हे काम सुरू केलं. पुढे वस्तीतल्या बायका आल्या, मग मराठवाड्यातून, कोकणातून आलेल्या आमच्यासारख्या आल्या. बुद्धपौर्णिमेला पांढरी कमळं, दिवाळीला पोपट, नाताळला चांदण्या. सण कुणाचाही असो, कापड सारखंच नीट कापायचं, ही त्यांची शिस्त. एकदा एकीनं जमिनीवरचा दोऱ्यांचा केर पोपटाच्या पोटात कोंबला. ताईंनी तो पोपट तिथल्या तिथे फाडला. "लेकरं तोंडात घालतात गं पोपट!" एवढंच म्हणाल्या आणि स्वच्छ कापूस पुढे सरकवला. चहा मात्र त्या इतका गोड करतात की चमचा उभा राहावा, आणि काम चालू असताना रेडिओ लावू देत नाहीत म्हणजे नाहीतच. याबाबतीत आमचं आजही पटत नाही.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

पोपट शिवताना कापडाचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून कडेनं शिवतात. पोटाशी थोडी जागा मोकळी सोडतात, तिथून पोपट उलटवतात, कापूस भरतात आणि मग ती जागा हातानं शिवून टाकतात. पुनावळ्याच्या एका सोसायटीची मोठी ऑर्डर होती. ताईंनी मला मशीनवर बसवलं. मी बसले आणि कंपनीतल्या वेगानं सुटले. तिथे शिवण जराशी उघडी राहिली तरी पीस रिजेक्ट व्हायचा. माझ्या हाताला तेच वळण. दुपारपर्यंत सगळे पोपट शिवून झाले, सगळे चारी बाजूंनी बंद! आत बोट घालायलाही जागा नाही. बायका हसून हसून लोळल्या. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. हे काम गेलं तर मुलीची शाळा सोडवून गावी परतणं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात सोसायटीच्या बाई तोरणं न्यायला आल्या. तो ढीग पाहून त्यांचा पारा चढला. "कुणी केलं हे? असल्या बायका ठेवताच कशाला? काढून टाका हिला!"

मी उठून पिशवी उचलली. ताई म्हणाल्या, "तिला बोलू नका. जागा सोडायची असते हे मी तिला सांगितलंच नाही. वय झालं, विसरले. उद्या संध्याकाळी तोरणं तुमच्या दारात असतील."

बाई गेल्या. ताईंनी कात्री माझ्यापुढे ठेवली. "जिनं शिवलं, तिनंच उसवायचं. बस खाली." मी उसवत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ताई शेजारी बसून सुया ओवून देत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघींनी जाऊन तोरणं दारोदारी बांधली.

मला काम राहिलं. मुलगी शिकली, नोकरीला लागली. पण त्या दिवसापासून ताईंवर एक शिक्का बसला. "ताई, आज सगळं सांगितलंत ना?" म्हणून बायका चिडवायच्या. पुढे कुठलीही ऑर्डर आली की कुणीतरी म्हणायचंच, "वहीत लिहून ठेवा गं, ताई विसरतात." ताई हसायच्या. आणि मेली मीही त्यांच्यात हसायचे. इतकी वर्षं हसले, याची आज मनापासून लाज वाटते.

म्हणून या ग्रंथात, सगळ्यांच्या देखत लिहिते. ताई काही विसरल्या नव्हत्या. त्या सकाळी त्यांनी कापडावर स्वतःची दोन बोटं ठेवून मला दाखवलं होतं, "एवढी जागा सोड." मी ऐकलं होतं. मानही डोलावली होती.

ताई, तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा. आणि यापुढे कुणी तुम्हाला विसराळू म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.