आठव्या राष्ट्राचं आमेन

दुसऱ्यांच्या पापांची यादी वाचली जात असताना तुम्ही किती मोठ्यानं 'आमेन' म्हणता? मी फार मोठ्यानं म्हणायचे. पाच आठवड्यांपूर्वी माझे शांतवनमामा गेले. बातमी आली तेव्हा मी शिवाजी पेठेतल्या छापखान्यात माझ्या पत्रकाच्या दुसऱ्या छपाईचे गठ्ठे बांधत होते. फोनवर मामी एवढंच म्हणाली, "मामा गेलं गं. ये तू..." मी हातातली सुतळीची गाठ पूर्ण बांधली आणि मग निघाले.

त्याच छापखान्यात मामांनी आयुष्यभर आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले आणि खिळे गेल्यावर मुद्रितं तपासली. वाया गेलेली पत्रकं ते मला घरी आणून द्यायचे. संपाची हाक, दारूबंदी, सुवार्ता, सगळं एका गठ्ठ्यात. पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे आणि छापील बाजू तोंडपाठ करायचे. माझी भाषा तिथूनच आली. रविवारी पन्हाळ्याकडच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये शास्त्रवाचन मामांकडं असायचं. वर्षातून एकदा ते बायबलमधल्या त्या मेंढपाळ संदेष्ट्याचा भाग घेत, ज्यात देव एकेका राष्ट्राला न्यायासाठी उभं करतो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम... प्रत्येकाचा गुन्हा वाचून मामा थांबायचे, आणि आम्ही 'आमेन' म्हणायचो. गर्भिणींवरही हात टाकणारं अम्मोन आलं की मी बाकावर उभी राहून ओरडायचे. मवाब झालं, यहूदा झालं. मग आठवं नाव यायचं. ते त्या संदेष्ट्यापुढं बसून ऐकणाऱ्यांचं स्वतःचं राष्ट्र. चपलांच्या एका जोडापायी गरिबाला विकल्याचा त्यांच्यावर आरोप. इथं आमचं आमेन पुटपुटल्यासारखं यायचं. मामा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "का रं? दमलासा व्हय?" लोक हसायचे आणि पुढचं गीत सुरू व्हायचं.

गेल्या वर्षी मी पत्रक लिहिलं. चार पानं. दुबळ्या देशांवर बॉम्ब टाकणाऱ्या, त्यांची धान्याची जहाजं अडवणाऱ्या सात बलाढ्य राष्ट्रांना त्याच संदेष्ट्याच्या क्रमानं मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. त्यातल्या शब्दाशब्दावर माझा आजही विश्वास आहे. मुद्रित मामांकडं गेलं. परत आलं तेव्हा शेवटच्या पानाखाली त्यांनी पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या होत्या.

"सात झाली की गं," मामा म्हणाले. "आठवं कुठाय?"

"मामा, हे जगाबद्दल आहे. गावच्या चर्चचं काय मधेच?"

"त्यानं बी जगापास्नंच सुरवात केलती."

मी त्या ओळींवर रेघ मारली आणि त्या जागी आवळलेल्या मुठीचं चित्र टाकलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पत्रक वाटायच्या दिवशी तरुणांच्या सभेत कुणीतरी विचारलं, "मामांचा पाठिंबा हाय का याला?" आणि मी म्हणाले, "मामा हल्ली मागं दाराजवळ बसतात. वेळ आली तर पळायला सोपं." सगळे हसले. मामाही हसले. "गुडघं साथ देत न्हाईत पोरी, न्हाईतर पळालो असतो," म्हणाले आणि पत्रकांची चवड घेऊन वाटायला निघून गेले. मी माफी मागितली नाही. मागायला सात महिने होते.

मातीच्या दिवशी चर्च भरलं होतं. पहिल्या बाकावरून उठून मी मामांच्या निर्भयपणावर बोलले आणि बाहेर आले. दाराशी रत्नामावशी चपला लावत बसल्या होत्या. चर्चच्या आवाराची झाडलोट त्या करतात. उपासनेच्या वेळी कुत्री चपला पळवतात म्हणून कुणीतरी राखणीला बसायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी त्याच, त्यांच्याआधी त्यांची आई. आमच्या पणज्यांनी जात सोडली, बाक मात्र त्याच क्रमानं लावले. लहानपणापासून मी हे बघत आले होते. माझी चप्पलही त्यांनी कितीदा सरळ करून ठेवली असेल.

"मावशी, आज तरी आत यायचं," मी म्हणाले.

"चपलांजवळ कोण बसणार? मामा असलं की मी जात होते." मी "मामा?" असं विचारलं, तशा त्या म्हणाल्या, "प्रभुभोजनाची भाकर असती त्या रविवारी ते हितं बसायचं. म्हणायचं, माझं गुडघं दुखत्यात, तू जा फुडं. दीड वरीस झालं. तुला ठाव न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. मी पहिल्या बाकावर बसत होते. मागं वळून बघायचं कारणच पडलं नव्हतं... आणि जे दिसलं त्याचा मी सभेत विनोद केला होता.

ते मुद्रित माझ्या टेबलावर आहे. रेघेखालची पेन्सिल अजून वाचता येते. तेव्हा छापायला हवं होतं, ते आज इथं देते: "मोठ्या राष्ट्रांचा न्याय होईल. परंतु आपल्या चपलांच्या राखणीस आपण कोणाला बसविले आहे, हेही त्याच दिवशी विचारले जाईल. आपले उत्तर तयार आहे काय?" दुसऱ्या छपाईचे गठ्ठे मी अजून वाटायला काढलेले नाहीत. हे चार ओळींचं आठवं राष्ट्र प्रत्येक प्रतीवर हातानं लिहिल्याशिवाय काढणारही नाही.

मागच्या प्रभुभोजनाला मी दाराशी बसले. रत्नामावशी उठेनात. "तुला जमायचं न्हाई, तू पुस्तक वाचत बसशील आन् कुत्रं न्हेईल," म्हणाल्या. शेवटी गेल्या. जाताना दोनदा वळून चपलांकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

तुमच्याकडंही असं कुणीतरी बसलेलं असेल. देवळाच्या पायरीशी, मशिदीच्या दाराशी, जैन बस्तीबाहेर, लग्नाच्या मांडवात. येत्या खेपेला त्यांना नावानं हाक मारा, आत पाठवा, आणि ते परत येईपर्यंत त्यांच्या जागी तुम्ही बसा. आणि पुस्तक घरी ठेवून जा.